सॉल्ट क्लॉकला दोन मार्क

माझ्या भावाच्या कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढून बाजूला ठेवला होता, आणि तो मला सांगत होता की ज्या बँडला रेकॉर्डची एक अख्खी बाजू भरेल एवढं सलग काही सुचत नाही, त्याने स्वतःला प्रोग रॉक म्हणवून घेऊ नये.

"बावीस मिनिटं," दादा म्हणाला. "निदान बावीस. त्याच्या आतली ती नुसती गाणी."

"मग ऑर्चर्ड मशीन? त्यांच्या तर दोन्ही बाजू सलग आहेत."

"ते व्यायाम करतात. अकरा मात्रा, तेरा मात्रा आणि घाम. पुढचा प्रश्न."

मी त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर एका फिरत्या स्टुलावर बसले होते. अंगात हिरवा गाऊन, तोंडाला मास्क, मांडीवर प्रश्नांचा कागद. दादाच्या कपाळापाशी हिरवं कापड पडद्यासारखं ताणून बांधलं होतं. पडद्यापलीकडे सर्जनबाई काय करत होत्या ते मला दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तर मी स्टुलावर राहिले नसते. भीती आवाजात येऊ द्यायची नव्हती. समोरचा घाबरलाय हे कळलं की दादा स्वतःचं बोलणं सोडून धीर द्यायला लागतो, आणि आज त्याने धीर देत बसून चालणार नव्हतं. त्याने बोलत राहायचं होतं.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. वय सत्तावन्न. दोन महिन्यांपूर्वी एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उभं राहून त्याने बरोबरच्या मिस्त्रीकडे पाना मागितला, तर तोंडून 'चमचा' आलं. दोघं हसले. पुढच्या आठवड्यात त्याने तीन वेळा चमचा मागितला आणि मग कोणी हसलं नाही. तपासण्या झाल्या. डाव्या बाजूला गाठ निघाली, बोलण्याच्या जागेला चिकटून.

सर्जनबाईंनी आम्हाला समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं. "भूल देऊन काढली तर मी आंधळेपणाने कापेन. म्हणून यांना जागं ठेवायचं. मेंदूला स्वतःला दुखत नाही. विजेच्या बारीक टोकाने मी एकेका जागी स्पर्श करणार. त्या क्षणी यांचं बोलणं बिघडलं, तर ती जागा सोडायची. नाही बिघडलं, तर तिथलं काढायचं. आणि एक लक्षात ठेवा, जेवढी राहील तेवढी ती परत वाढेल."

स्पीच थेरपिस्ट म्हणून एक हडकुळी, शांत मुलगी होती. तिने सरावासाठी चित्रं दाखवली. घोडा, छत्री, किल्ली. दादा दोन मिनिटांत कंटाळला. "हे मला तिसरीतही येत होतं," म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. तेव्हा सर्जनबाईंनी वहिनीला विचारलं, हे न थकता कशावर बोलू शकतात.

"त्या भांड्यांवर," वहिनी म्हणाली.

वहिनी प्रोग रॉकला, म्हणजे अवघड तालांच्या त्या लांबलचक रॉकला, भांडी म्हणते. लग्न झाल्यावर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं स्वयंपाकघरात फळी कोसळली. एकतीस वर्षं ती या माणसाबरोबर राहतेय, पण एक बँड दुसऱ्यापासून तिला ओळखता येत नाही. गाढवापुढे वाचली गीता, असं दादा म्हणतो. गाढव कोण ते अजून ठरायचंय, असं ती म्हणते.

"मग त्यावरच बोलू द्या," सर्जनबाई म्हणाल्या. "शब्द चुकला तर आम्हाला कळेल. पण मत, आठवण, यातलं काही हललं तर ते कोणाला कळणार?"

वहिनीने माझ्याकडे बोट केलं.

तर अशी मी तिथे. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर माणसांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत मी एकच प्रश्न विचारते, पहिली बरी का दुसरी. माणूस 'दुसरी' म्हणाला की मी मान डोलावते, इकडचं तिकडचं बोलते, आणि थोड्या वेळाने न सांगता तीच जोडी परत फिरवून विचारते. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं तर ते खरं. माणसं मुद्दाम खोटं बोलत नाहीत, पण बावरलेला माणूस काहीही बोलून जातो. सगळी गिऱ्हाइकं यावर वैतागतात. वहिनी तर चष्मा करायला आली तेव्हा म्हणाली होती, "किती वेळा तेच विचारशील गं, मी काय आरोपी आहे?"

ऑपरेशनच्या सकाळी तिने मला कॉरिडॉरमध्ये कोपऱ्यात घेतलं. माझं मनगट घट्ट धरलं. "टिल्ली, ऐक. बोलताना थोडा अडखळला तरी मी सांभाळीन. सगळी काढू दे त्यांना. उगाच घाबरून थांबवू नकोस."

"आणि तो मुका झाला तर?"

"तेही सांभाळीन," ती म्हणाली. मग मनगट सोडलं. "पण तुझ्याशी भांडणार कोण मग? बघ तू. तुला कळेल."

मला कळेल याबद्दल मलाही शंका नव्हती. आमच्याकडे एक वही आहे. दर रविवारी सकाळी अकरा वाजता मी दादाकडे जाते. तो रेकॉर्डची एक बाजू लावतो. बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग वहीत दहापैकी मार्क लिहायचे, आधी त्याने, मग मी, आणि त्यानंतर भांडायचं. वहिनी तेवढा वेळ कानात कापूस घालून आतल्या खोलीत इस्त्री करते.

वहीत सगळं आहे. नाइट सर्व्हेयर्सच्या लाइव्ह डबल अल्बमला दादाचे सहा, माझे चार, कारण त्यात सतरा मिनिटांचा ड्रम सोलो आहे आणि सोलो चालू असताना बाकीचे चौघं स्टेजवर थांबले असतील यावर माझा विश्वास नाही. ऑर्चर्ड मशीनच्या पाचही अल्बमना दोघांचे पाच, कारण बोटं चालतात पण घरी कोणी नाही. कॉपर आल्मनॅक हा आमचा खरा बँड. त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये त्यांना येत होतं ते सगळं त्यांनी कोंबलंय, प्रवासाच्या बॅगेसारखं, आणि झाकणावर बसून ती बंद केलीय. दुसऱ्यात गायकाला उगाच तत्त्वज्ञान सुचलंय. तिसरा 'हाउस फॉर द वेदर'. एका माणसाने प्रत्येक हवेसाठी घरात एक वेगळी खोली बांधली, त्याची तेवीस मिनिटांची कथा, आणि शेवटच्या खोलीचं दार उघडतं तेव्हा मेलोट्रॉन नावाचा तो जुना कीबोर्ड असा काही उसासा टाकतो की बाकी सगळं माफ. दोघांचे दहा. त्यावर आमच्यात दुमत नाही, त्यामुळे त्यावर आम्ही फारसं बोलतही नाही.

आणि मग चौथा. 'सॉल्ट क्लॉक'.

कीबोर्डवाला बँड सोडून गेल्यावर त्यांनी तो काढला. सात गाणी, सगळी पाच मिनिटांच्या आत, प्रत्येकाला गुणगुणता येईल असं धृपद. दादाने ऐकला आणि म्हणाला, साबणाची जाहिरात. मी म्हटलं, तिसरं गाणं नीट ऐक, ड्रम सातात चाललेत आणि गळा चारात, दर अठ्ठावीस मात्रांनी दोघं भेटतात, आणि तुझ्यासारख्या तज्ज्ञालाही ते कळलं नाही. अवघड गोष्ट अवघड करून दाखवायला कोणालाही येते. त्याने दोन मार्क लिहिले. मी नऊ. दहा दिले असते, पण शेवटचं गाणं भिकार आहे.

तेव्हापासून वर्षातून एकदा, त्याच महिन्यातल्या पहिल्या रविवारी, सॉल्ट क्लॉक परत लावायचा आणि परत मार्क द्यायचे. मी दरवर्षी नवे पुरावे घेऊन जाते. एकदा तर मात्रा मोजायला दुकानातलं टिकटिकणारं घड्याळ नेलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. एकोणतीस वर्षं, एकोणतीस वेळा दोन. सूर्य पश्चिमेला उगवेल, पण दादा दोनाचे तीन करणार नाही, असं मी येईल त्याला सांगायचे.

प्रश्नांच्या कागदावर म्हणूनच मी तो प्रश्न घातला होता. चाळीस प्रश्न, समोर वहीतली उत्तरं. सॉल्ट क्लॉक सदतिसावा.

सोळाव्या प्रश्नापर्यंत सगळं सुरळीत गेलं. थेरपिस्टने ठरवल्याप्रमाणे बोट वर केलं की मला कळायचं, पलीकडे आता टोक लागतंय. मग मी प्रश्न टाकायचा. दादा उत्तर द्यायचा. मी मान डोलावायची. बोट खाली. सक्शनचा घरघर आवाज. पुन्हा बोट वर.

सतराव्याला त्याचं बोलणं मधेच बंद पडलं. "त्यांचा बासवाला हा खरं तर..." आणि पुढे काही नाही. ओठ उघडे, डोळे माझ्यावर, आवाज नाही. बोट खाली आलं तसा तो पुढचा शब्द बोलला, जणू काही झालंच नव्हतं. सर्जनबाईंनी शांतपणे म्हटलं, "ही जागा सोडली."

एकतिसाव्याला त्याच्या तोंडाचा उजवा कोपरा उडायला लागला. आधी हळू, मग भराभर. डोळे वर फिरले.

"पाणी," सर्जनबाई म्हणाल्या. "थंड पाणी. लवकर."

पडद्यापलीकडे पाणी ओतल्याचा आवाज आला. झटका आला की मेंदूवर थंड पाणी ओततात हे मला आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. मी दादाचा हात धरला. किती वेळ गेला कोण जाणे. कोपरा उडायचा थांबला. त्याने डोळे मिटून उघडले.

"टिल्ले," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "कुठे होतो आपण?"

"नाइट सर्व्हेयर्स."

"काही चुकवलं नाही म्हणजे."

भूल देणारे डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही.

त्यानंतर सर्जनबाईंचा आवाज बदलला. त्या आता एकेक शब्द मोजून बोलत होत्या. "बरीचशी निघालीय. कडेला एक तुकडा आहे, मसुराच्या दाण्याएवढा. तेवढा घेतला की झालं. पण मघाशी झटका इथूनच आला, त्यामुळे या जागी मला टोक एकदाच लावता येईल. परत लावायचा धोका मी घेणार नाही. ताई, नीट ऐका. उत्तर बरोबर आलं तर मी काढते. चूक आलं तर सोडते."

मी कागद बघितला. सदतिसावा. मला वाटलं, याहून पक्कं उत्तर या कागदावर दुसरं नाही. झोपेत विचारलं तरी तेच देईल.

थेरपिस्टचं बोट वर गेलं.

"दादा, सॉल्ट क्लॉक. किती?"

त्याने माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखं नाक उडवलं नाही. साबण म्हणाला नाही. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "नऊ."

नऊ हा माझा आकडा. हा माझा आकडा त्याच्या तोंडून आला म्हणजे आत काहीतरी उपटलं जातंय, वहीची पानं एकमेकांत मिसळतायत, असंच मला वाटलं. बोट खाली आलं होतं.

"थांबा," मी म्हटलं. "चुकलं. थांबा."

"नक्की?" पडद्यापलीकडून प्रश्न आला. "शब्द तर स्पष्ट होता."

"शब्द बरोबर आहे. उत्तर चूक आहे. एकोणतीस वर्षं दोन आहेत."

थेरपिस्ट माझ्याकडे वाकली. "ताई, आता टोक काढलंय. तोच प्रश्न परत विचारू का? आता दोन म्हणाले तर टोकामुळेच चुकलं, पण परत नऊच म्हणाले तर..."

"नको," मी म्हटलं. "माझ्या भावाला मी ओळखते."

मग सर्जनबाई म्हणाल्या, "ठीक. सोडतेय." आणि भूल देणाऱ्यांना म्हणाल्या, "झोपवा यांना. आपण बंद करू."

दादा काहीतरी बोलायला गेला. "टिल्ले, अगं..." एवढंच. औषध गेलं होतं.

बाहेर आल्यावर मी हिरो होते. सर्जनबाई मास्क खाली करून सगळ्यांसमोर म्हणाल्या, यांच्यामुळे त्यांचं बोलणं वाचलं. वहिनीने मला मिठी मारली. मी तिला, तिच्या बहिणीला, मिस्त्रीला, भेटायला येईल त्याला सांगत सुटले, की हा नऊ म्हणाला आणि मी तिथेच ओळखलं. पाचव्यांदा सांगताना मी थेरपिस्टचं 'परत विचारू का' गाळून टाकलं. तेव्हाच खरं तर मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण मला माझाच आवाज गोड लागत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी कपडे बदलायला घरी गेली आणि मी दादाजवळ बसले. डोक्याला पांढरं बँडेज, एक डोळा सुजलेला. बोलत होता मात्र चोख. जरा सावकाश, एवढंच.

"टिल्ले, एक सांग," तो म्हणाला. "नऊ दिले तर ऑपरेशन थांबवलंस. दहा दिले असते तर काय इमारत रिकामी केली असतीस?"

मी हसले. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसू तिथेच राहिलं.

"तुला आठवतंय ते?"

"सगळं आठवतंय. झटका सोडून." त्याने पाणी मागितलं. मी नळी तोंडाला लावली. "मी खरं सांगत होतो गं."

"काय खरं?"

"नऊ. शेवटचं गाणं भिकार आहे, नाहीतर दहा दिले असते. तिसऱ्या गाण्यातलं ते सात-चारचं मला पहिल्याच वेळी कळलं होतं. मला काय कान नाहीत?"

खाली कोणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं, त्याच्या चाकाचा आवाज येत होता.

"मग दोन कशाला लिहीत होतास?" मी नळी बाजूला ठेवली.

"आई गेली ते वर्ष आठव. चार महिने तू कोणाशी बोलत नव्हतीस. यायचीस, बसायचीस, जायचीस. त्या दिवशी ती रेकॉर्ड घेऊन आलीस. मला आवडली. पण म्हटलं आवडली म्हणून सांगितलं तर ही 'हं' म्हणेल आणि घरी जाईल. म्हणून दोन लिहिले." तो श्वास घ्यायला थांबला. "तू पाऊण तास बोललीस. माझा उद्धार केलास. पुढच्या रविवारी पुरावे घेऊन आलीस. वहिनीने आत जाऊन डोळे पुसले होते, तुला सांगितलं नाही कधी. मग दोनाचे नऊ कसे करणार होतो मी?"

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच, आणि कशाला आधी वाट द्यावी ते कळेना. "एकोणतीस वर्षं, दादा? आणि खरं बोलायला मुहूर्त कुठला काढलास? डोकं उघडं असताना?"

"भीती वाटली," तो म्हणाला. "तो झटका येऊन गेला तेव्हा वाटलं, आता यानंतर बोलता आलं नाही तर. एवढं एक खोटं तुझ्यापाशी राहून जाईल. म्हटलं सांगून टाकावं."

मसुराचा दाणा आम्हा दोघांच्या मधे होता. त्याचं नाव कोणी घेत नव्हतं.

"दादा, मी थांबवलं," मी म्हटलं. "काढता आला असता तो. ती मुलगी परत विचारू का म्हणाली होती. मी नको म्हटलं."

"ऐकलं मी."

"दुकानात चष्म्याच्या काचेसाठी दोनदा विचारते मी."

"टिल्ले." त्याने माझ्या हातावर थोपटलं. झालंच, धीर द्यायला लागला. "वहिनीला सांगू नकोस. तिला वाटतंय तू मला वाचवलंस. वाटू दे. तीन महिन्यांनी डोक्याचे फोटो काढतील तेव्हा बघू."

मी सांगितलं नाही. बारा दिवस सांगितलं नाही. दुकानात बसून काचा फिरवल्या, पहिली बरी का दुसरी, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तिसऱ्यांदासुद्धा विचारत होते. एक म्हातारे गृहस्थ चिडून उठून गेले. रात्री डोळे मिटले की ती मुलगी वाकून विचारायची, परत विचारू का. फार वेळ लागला नसता, पाच सेकंद लागले असते. पाच.

तेराव्या दिवशी रविवार होता. दादा घरी आला होता. टाके निघाले होते, डोक्यावर टोपी. अकराला मी गेले तर त्याने सॉल्ट क्लॉक काढून ठेवला होता. त्या रेकॉर्डची पाळी नव्हती, चार महिने बाकी होते.

"आजच लाव," तो म्हणाला.

वहिनी त्या दिवशी इस्त्रीला गेली नाही. त्याला एकटं सोडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. कानात कापूसही घातला नाही. दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसली. मी सुई टेकवली. बाजू संपेपर्यंत कोणी बोललं नाही. तिसऱ्या गाण्याला दादाच्या पायाचा अंगठा सातात हलत होता. एकोणतीस वर्षं तो हलत असणार, आणि मी पुरावे शोधत बसले होते.

सुई उचलली. दादाने वही घेतली, तारीख घातली. मग त्याने माझ्याकडे न बघता लिहिलं. दोन.

वहिनी उठून मागे आली होती. वाकून बघितलं आणि तिने केवढा तरी मोठा श्वास सोडला. "दोनच आहेत," ती म्हणाली. "देवा. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे याचं. मला इतके दिवस धास्ती होती, तो नऊ आत कुठेतरी राहिला असेल म्हणून." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू होतीस म्हणून, टिल्ली."

दादाने वही माझ्याकडे सरकवली. डोळ्यांनी सांगत होता, लिही तुझे नऊ आणि गप्प बस. त्याला जमणार होतं ते. माझ्यासाठी त्याने एकोणतीस वर्षं खोटा आकडा लिहिला होता, आणखी पाहिजे तेवढी वर्षं लिहिला असता. जेवढी असतील तेवढी.

खांद्यावरचा तो हात मला सहन होईना. मी पेन घेतलं, त्याचे दोन खोडले आणि तिथे नऊ लिहिले.

"अगं, हे काय?" वहिनी म्हणाली.

"त्याचे नऊच आहेत, वहिनी. पहिल्यापासून. टेबलावर तो खरं बोलत होता. माझं चुकलं. तो तुकडा निघाला असता."

दादाने डोळे मिटून घेतले. वहिनीने खांद्यावरून हात काढला. ती ओरडली नाही. वही उचलली, खोडलेल्या आकड्याकडे आणि वरच्या आकड्याकडे बराच वेळ बघितलं, मग चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला.

"या चष्म्याच्या वेळी," ती म्हणाली, "तू मला प्रत्येक काच दोनदा विचारली होतीस."

"हो."

"दोनदा," ती पुन्हा म्हणाली. वही मिटून तिने दादाच्या मांडीवर ठेवली. "उद्या सकाळी तिघंही डॉक्टरीणबाईंकडे जातोय. आता जे मला सांगितलंस ते त्यांना सांगायचं. काही न गाळता."

मग ती आत गेली. थोड्या वेळाने इस्त्री टेकवल्याचा आवाज आला. दादा आणि मी तसेच बसून राहिलो, आणि त्या रविवारी आम्ही भांडलो नाही.